शॉवरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा येणारी काळी बुरशी

किल्ल्याच्या पायथ्याशी

नमस्कार. साताऱ्यात शाहूनगरमध्ये, अजिंक्यताऱ्याच्या उतारालगतच्या एका चार मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ताबा मिळून चार वर्षे होत आली आहेत. बेडरूमला लागून असलेले बाथरूम पाच फूट बाय आठ फुटांचे असून त्याच्या एका कोपऱ्यात काचेचे पार्टिशन घालून शॉवरची जागा वेगळी केलेली आहे. या कोपऱ्यात काळी बुरशी येते, घासली की जाते आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा डोके वर काढते. उन्हाळ्यात तिचा त्रास जवळजवळ नसतो. पण मृगाचा पाऊस सुरू झाला की ती दिसू लागते आणि आषाढ-श्रावणात, आठवडा आठवडा ऊन पडत नाही तेव्हा, घासून घासून हात दुखतात.

बुरशी तीन ठिकाणी आहे. शॉवरच्या वर छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके पडतात. खालच्या दोन रांगांमधील टाइल्सचे सांधे काळे होतात. काच आणि फरशी यांच्यामध्ये भरलेल्या पांढऱ्या सिलिकॉनच्या पट्टीत तर आतून शाई उतरावी तसे डाग आहेत आणि ते कशानेही निघत नाहीत. आजवर बाजारातील ब्लीच, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हे सर्व वापरून झाले आहे. सासूबाईंना दमा असल्यामुळे उग्र वासाची औषधे वारंवार वापरण्याची भीती वाटते. बुरशी मुळापासून जाईल असा उपाय कोणी स्वतः केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

जुना ओव्हरसिअर

ताई, औषध सुचवण्याआधी मला काही गोष्टी कळल्या तर बरे होईल. या तीन जागांपैकी बुरशी सर्वांत आधी कोठे दिसली? शॉवरच्या भिंतीच्या पलीकडे, म्हणजे बेडरूमच्या बाजूने, रंगाला फुगे आले आहेत का, पोपडे सुटत आहेत का, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागला आहे का? सकाळच्या आंघोळी आटोपल्यानंतर बाथरूमची फरशी किती वाजता सुकते? गीझर विजेचा आहे की गॅसचा? खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत? एक्झॉस्ट फॅन आहे का? वरच्या मजल्यावरील बाथरूम तुमच्या बाथरूमच्या नेमके डोक्यावर आहे का?

प्रश्न पुष्कळ झाले, परंतु काळा रंग सगळीकडे सारखाच दिसत असला, तरी तेथे पाणी येण्याच्या वाटा वेगवेगळ्या असू शकतात आणि वाट चुकली की खर्च वाया जातो.

माचीपेठकर

आमच्या जुन्या वाड्यातील न्हाणीघराला दरवर्षी दिवाळीपूर्वी कळीच्या चुन्याचा हात दिला जात असे आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालत. तेथे बुरशी टिकलेली मला आठवत नाही. छतावरचा प्लास्टिक रंग खरवडून काढा आणि चुना मारा, एवढेच माझे म्हणणे आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी

काका, क्रमाने उत्तरे देते. पहिली बुरशी छताच्या कोपऱ्यात दिसली. सांधे त्यानंतरच्या पावसाळ्यात काळे झाले. बेडरूमच्या बाजूला कपाट होते, ते आपला प्रश्न वाचल्यावर सरकवून पाहिले. स्कर्टिंगच्या वर साधारण वीतभर उंचीपर्यंत रंग फुगलेला आहे आणि बोट लावले की मिठासारखी पांढरी पूड हाताला लागते. घरात चार माणसे असून सर्वांच्या आंघोळी सहा ते आठच्या दरम्यान होतात. पावसाळ्यात फरशी दुपारी बारापर्यंतही पूर्ण सुकलेली नसते. गीझर विजेचा, पंधरा लिटरचा आहे. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत आणि ती डक्टमध्ये उघडते. एक्झॉस्ट फॅनसाठी भोक ठेवलेले आहे, पण फॅन बसवलेला नाही. वरचे बाथरूम बरोबर आमच्या डोक्यावर आहे.

परीक्षानळी

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे औषधांपुरते मी लिहिते.

सर्वांत आधी सुरक्षिततेची बाब. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, आणि संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण कधीही एकत्र करू नये किंवा एकापाठोपाठ एक त्याच जागी ओतू नये. संडासाच्या बहुतेक निळ्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते ब्लीचला भेटले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही तेच घडते. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरामाइनचा त्रासदायक धूर होतो. पाच बाय आठच्या बंद खोलीत दमेकरी माणसासाठी हे अत्यंत धोकादायक आहे. ताईंनी ब्लीच आणि व्हिनेगर दोन्ही वापरल्याचे लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम ठळकपणे सांगते.

आता ब्लीच कशासाठी चालते ते पाहू. चकचकीत टाइल, काच, चिनी मातीचे भांडे अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावरील बुरशी ते मारते आणि रंगही घालवते. सिमेंटचा सांधा मात्र सच्छिद्र असतो. त्यात ब्लीचमधील पाणी खोलवर जाते, पण क्लोरीनचा अंश वरच्या थरातच संपून जातो. त्यामुळे सांधा पांढरा दिसतो आणि आतील तंतूंना उलट ओलावा मिळतो. शिवाय टाइलवर साबणाचा चिकट थर असेल तर बरेचसे क्लोरीन त्या थरावरच खर्च होते. म्हणून आधी साध्या कपड्यांच्या पावडरीने किंवा भांड्यांच्या द्रवाने ब्रश मारून थर काढावा, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि मगच ब्लीच लावावे. घरगुती ब्लीचच्या एका भागाला सोळा भाग पाणी पुरेसे होते. ते दहा-पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. छतावर फवारू नये, कारण ते डोळ्यांत पडते, स्पंजने लावावे.

ज्यांना वास सोसत नाही, त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहावे. त्याचे पुढे पाणी आणि ऑक्सिजन होत असल्यामुळे उग्र वास मागे उरत नाही. मात्र तेही व्हिनेगरमध्ये मिसळू नये. व्हिनेगर स्वस्त असले, तरी शहाबादी किंवा कोटा फरशीवर आणि संगमरवरावर ते अजिबात वापरू नये. हे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांची चकाकी जाऊन पृष्ठभाग खरबरीत होतो, ज्यावर मळ अधिक धरतो. सिमेंटचा सांधाही वरचेवरच्या आम्लाने झिजत जातो.

बुरशी नुसती मारून ठेवण्यात अर्थ नाही, ती पुसून बाहेर काढावी लागते, कारण मेलेल्या बुरशीच्या कणांनीही ॲलर्जी आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. कोरडी बुरशी खरवडू नये. आधी ओली करावी, म्हणजे बीजाणू हवेत उडत नाहीत. हातमोजे आणि मास्क घालावा आणि त्या वेळी सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवावे. काळी बुरशी म्हटले की समाजमाध्यमांवर भलतीच भीती पसरवली जाते. केवळ काळ्या रंगावरून बुरशीची जात किंवा तिचा विषारीपणा ठरवता येत नाही. नळाभोवती किंवा साबणाच्या डबीखाली गुलाबी बुळबुळीत थर दिसत असेल, तर ती बहुधा बुरशीही नसते. तो जीवाणूंचा थर असतो आणि तो घासून काढला की जातो.

माचीपेठकरांच्या चुन्याबद्दल सांगायचे, तर ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि अशा पृष्ठभागावर बुरशी धरत नाही, हे खरे आहे. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू चुनखडी बनतो आणि हा गुण ओसरतो, म्हणून तर तो दरवर्षी द्यावा लागे. ऑइल पेंटवर किंवा प्लास्टिक रंगावर तो टिकत नाही, हेही लक्षात घ्यावे.

तासगावचा बागायतदार

मी द्राक्षवाला माणूस आहे, बाथरूमचा जाणकार नव्हे. तरीही हा धागा वाचताना राहवले नाही. आमच्याकडे डाऊनी, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा केवडा रोग, येणार की नाही, हे पाऊस किती पडला यापेक्षा पान किती तास ओले राहिले यावर ठरते. पाऊस पडून लगेच वारा सुटला आणि पाने सुकली तर आम्ही निर्धास्त असतो. नुसते धुके आणि दव असले आणि दुपारपर्यंत पान सुकले नाही, तर झोप उडते. म्हणून आम्ही फवारणीच्या आधी विरळणी करतो आणि वेलीच्या पानोळ्यातून वारा खेळता ठेवतो. तुमची फरशी बारा वाजेपर्यंत ओली राहते हे वाचले आणि रोग तेथेच दिसला.

एक विनंती. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण आम्ही एक टक्क्याचे, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एकेक किलो घालून बागेत मारतो. ते किंवा बागेतील दुसरे कोणतेही बुरशीनाशक कोणी घरातील बाथरूममध्ये मारू नये. गावाकडे असे प्रकार मी पाहिले आहेत. बंद खोलीत, उघड्या अंगाने आंघोळ करण्याच्या जागी ही औषधे वापरायची नसतात.

जुना ओव्हरसिअर

ताईंची उत्तरे आणि वरचा द्राक्षबागेचा दाखला यांमुळे माझे काम सोपे झाले. तुमच्याकडे एक नव्हे, तीन दुखणी आहेत असे मला वाटते.

छताचा कोपरा वाफेमुळे काळा होतो. गरम पाण्याची वाफ वर जाते, छताचा बाहेरच्या भिंतीजवळचा कोपरा सर्वांत थंड असतो आणि तेथे ती थिजून पाणी होते. त्यावर डिस्टेंपर किंवा लांबी (पुट्टी) असेल तर ती ओल धरून ठेवते. सिलिकॉनचे दुखणे वेगळे आहे. ती पट्टी आतून सुटलेली असणार आणि तिच्या मागे साठणाऱ्या पाण्यात बुरशी वाढत असणार. त्यावर बाहेरून काहीही लावले तरी उपयोग नाही. ती कापून नवी भरावी लागते. ती कशी भरायची ते नंतर लिहितो.

मला खरी काळजी खालच्या सांध्यांची आणि बेडरूमकडील लोण्याची वाटते. लोणा म्हणजे भिंतीच्या आतून पाणी प्रवास करून बाहेर येत आहे आणि विटा-सिमेंटमधील क्षार सोबत आणून पृष्ठभागावर सोडत आहे. वाफेने हे घडत नाही. पाणी कोठून येते याच्या शक्यता तीन आहेत : टाइलच्या सांध्यांतून, नहाणीच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या, भोवतीच्या फरशीतून, किंवा भिंतीत गाडलेल्या पाइपमधून. तोडफोडीला हात घालण्याआधी घरच्या घरी काही चाचण्या करता येतात.

पहिली चाचणी बेडरूमच्या भिंतीवर करा. फुगलेला रंग खरवडून, जागा कोरड्या कापडाने पुसून, हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनिअम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करून लावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब खोलीच्या बाजूने दिसले तर ओल हवेतील आहे. भिंतीच्या बाजूने दिसले तर ती आतून येत आहे. तुकडा काढताना फोटो अवश्य काढा.

त्यानंतर फरशीची परीक्षा. नहाणीच्या तोंडात फडके गच्च बसवून शॉवरच्या भागात इंच-दीड इंच पाणी साठवा, काचेवर किंवा टाइलवर पाण्याची रेघ मार्करने आखा आणि चोवीस तास थांबा. रेघेपासून पाणी लक्षणीय खाली गेले, किंवा खालच्या फ्लॅटमध्ये ओल दिसली, तर फरशीखालील वॉटरप्रूफिंगमध्ये दोष आहे. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या, म्हणजे गैरसमज होणार नाही. पाणी टिकले तर फरशी निर्दोष धरा आणि मग शॉवरचा मारा नेहमीच्या भिंतीवर अर्धा तास चालू ठेवून पलीकडची ओल वाढते का ते पाहा. पाइपसाठी मात्र प्लंबरकडून दाब-चाचणी करून घ्यावी लागते. तोवर एवढे करता येईल की गावाला जाताना वरच्या टाकीचा कॉक चालू ठेवून घरातील सर्व नळ बंद ठेवा आणि परतल्यावर भिंत पाहा. बाथरूम न वापरताही ओल वाढलेली असेल, तर संशय पाइपवर जातो.

नाण्याने टाइल वाजवूनही पाहा. जेथे पोकळ आवाज येतो तेथे टाइलमागे सिमेंटचा माल पूर्ण भरलेला नसतो आणि सांध्यातून शिरलेले पाणी त्या पोकळीत साचून राहते. आपल्याकडे अनेक गवंडी टाइलच्या मध्यभागी मालाचा गोळा ठेवून ती दाबतात आणि कोपरे रिकामे सोडतात, नंतर सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून मोकळे होतात. पांढरे सिमेंट वाळताना आकसते, त्याला केसासारख्या भेगा जातात. सांधे भरण्यासाठी ग्राउट म्हणून विकला जाणारा माल वेगळा असतो.

संशयात्मा

छताच्या बुरशीवर आता सगळे एक्झॉस्ट फॅन सुचवतील, म्हणून आधीच विचारतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात, विशेषतः यवतेश्वराच्या बाजूने ढग खाली उतरतात तेव्हा, बाहेरची हवाच चिंब असते. आतील ओली हवा काढून तिच्या जागी बाहेरची ओली हवा घेण्यात वीज जाळण्यापलीकडे काय साधते?

परीक्षानळी

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. हवेची बाष्प धरण्याची क्षमता तापमानाबरोबर वाढते. 24 अंश सेल्सिअसची पूर्ण संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये सुमारे 22 ग्रॅम बाष्प धरते, तर 30 अंशांची संपृक्त हवा सुमारे 30 ग्रॅम. बाहेरची पावसाळी हवा पहिल्या प्रकारची, तर गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बाथरूममधील हवा दुसऱ्या प्रकारची असते. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा घनमीटरमागे सात-आठ ग्रॅम कमी बाष्प आणते. फॅन वाफ बाहेर नेतो, यात शंका नाही. आपले एक म्हणणे मात्र मान्य केले पाहिजे : वाफ गेल्यावर फरशी आणि भिंती सुकवण्याचे काम पावसाळी हवा फार सावकाश करते. म्हणून पावसाळ्यात पृष्ठभागावरील पाणी हातानेच काढणे भाग आहे. रबरी वायपरने काच, टाइल आणि शेवटी फरशी ओढून घेतली, तर बरेचसे पाणी नहाणीतून निघून जाते आणि हवेला सुकवण्यासाठी थोडेच उरते. शेवटी आंघोळ करणाऱ्याने हे काम करावे, असा आमच्या घरचा नियम आहे आणि त्यामुळे सगळेच लवकर उठू लागले आहेत.

जुना ओव्हरसिअर

फॅनच्या मापाविषयी थोडे. बाथरूमच्या प्रत्येक चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट हवा ओढणारा फॅन, असा साधा हिशेब चालतो; मात्र 50 घनफुटांपेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये. ताईंचे बाथरूम चाळीस चौरस फुटांचे आहे, म्हणजे मिनिटाला 50 घनफूट, अर्थात तासाला सुमारे 85 घनमीटर पुरेसे होतात. बाजारातील सहा इंची फॅनच्या खोक्यावर सहसा याहून मोठा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतील असतो. डक्टमध्ये प्रत्यक्ष काम त्याहून कमी होते. बसवताना पाकळ्यांची झडप असलेला घ्या, नाही तर डक्टमधील दुसऱ्यांची वाफ आणि वास तुमच्याकडे येईल. आंघोळीनंतर किमान वीस मिनिटे तो चालू राहिला पाहिजे. दाराखाली बोटभर फट हवी; दार घट्ट बंद असेल तर फॅन नुसता फिरतो, हवा हलत नाही. खिडकी फॅनच्या शेजारी असेल तर फॅन चालू असताना तिच्या पट्ट्या मिटून ठेवा, म्हणजे हवा दाराकडून शॉवरवरून ओढली जाईल.

ज्यांच्याकडे गॅसचा गीझर बाथरूमच्या आत आहे, त्यांनी मात्र फॅन लावून निश्चिंत होऊ नये. एलपीजी जळताना तिच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे बुरशीला खाऊ मिळतो. पण मोठे संकट कार्बन मोनॉक्साइडचे आहे, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. असा गीझर बाहेर गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत हलवणे हाच मार्ग आहे.

विश्रामबाग

मी सांगलीत असतो आणि आमचे अनुभव साताऱ्याहून थोडे वेगळे आहेत. आमच्याकडे पाऊस कमी, पण दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे बोअरचे जड पाणी. त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन टाइलवर जो पांढरट चिकट थर बसतो, तोच बुरशीचे अन्न बनतो. साबणाऐवजी द्रवरूप बॉडीवॉश वापरल्यावर आमच्याकडे तो थर स्पष्टपणे कमी झाला आणि बुरशीही उशिरा दिसू लागली.

दुसरी गोष्ट पुराची. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा तळमजल्याच्या अनेक घरांत भिंती छातीइतक्या भिजल्या. नऊ इंची विटांची भिंत पूर्ण सुकायला कित्येक महिने लागतात, परंतु दिवाळीपूर्वी घर चांगले दिसावे म्हणून माझ्या ओळखीच्या पुष्कळांनी ओल्या भिंतीवरच लांबी, ऑइल पेंट आणि बाथरूममध्ये नव्या टाइल्स लावून घेतल्या. आतील पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. त्या घरांत बुरशी शॉवरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन पलीकडच्या खोलीत जाते आणि घरमालक अजूनही ब्लीचच्या बाटल्या आणत आहेत. अशा भिंतीचे प्लास्टर कंबरेपर्यंत उतरवून एक उन्हाळा उघडे ठेवणे, हे दिसायला कितीही वाईट असले तरी मला तेच योग्य वाटते.

भाडेकरू, करंजे

आम्ही भाड्याने राहतो आणि घरमालक साहेब बाथरूमला हात लावू देत नाहीत. तोडफोड न करता काय करता येईल?

परीक्षानळी

दादा, खिडकीच्या एका पट्टीच्या जागी पत्रा बसवून त्यात छोटा फॅन लावता येतो आणि घर सोडताना तो काढूनही नेता येतो. शाम्पूच्या बाटल्या, लुफा आणि ओले पायपुसणे शॉवरच्या भागातून बाहेर ठेवा. बाटलीच्या बुडाशी जे पाणी अडकते ते दिवसभर सुकत नाही. ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालू नका. घरमालकांना मात्र फोटोसह लेखी कळवून ठेवा.

माचीपेठकर

ताईंनी ताबा मिळून चार वर्षे होत आली असे लिहिले आहे, त्यावर कोणाचेच लक्ष गेले नाही. रेरा म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. स्वतः गवंडी लावून टाइल्स काढल्यात तर पुरावाच नाहीसा होईल. आधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. चुन्याचा आग्रह मी मागे घेतो, हा मुद्दा मात्र सोडू नका.

किल्ल्याच्या पायथ्याशी

सर्वांचे आभार मानून चाचण्यांचे निष्कर्ष कळवते. बेडरूमच्या भिंतीवर लावलेल्या फॉइलच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूने, थेंब साचले आणि भिंत गडद झाली. खोलीकडची बाजू कोरडी होती. शॉवरच्या भागात साठवलेले पाणी चोवीस तासांनंतरही रेघेला जवळजवळ चिकटून होते आणि खालच्या काकूंच्या छतावर काहीही दिसले नाही. मात्र शॉवर भिंतीवर अर्धा तास सोडल्यानंतर त्याच संध्याकाळी लोण्याच्या जागेवरचा ओला पट्टा वर सरकला. मार्करने त्याची कड आखली आहे. नाण्याने वाजवल्यावर खालच्या दोन रांगांपैकी डिव्हर्टरखालच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकखालच्या) टाइल्स पोकळ वाजतात. पाइपची दाब-चाचणी अजून व्हायची आहे.

बिल्डरच्या कार्यालयातून एक गृहस्थ येऊन पाहून गेले. त्यांनी "हा भिंतीला आलेला घाम आहे, खिडकी उघडी ठेवा" असे सांगितले. फॉइलचे फोटो दाखवल्यावर त्यांनी ते आपल्या मोबाइलवर मागून घेतले. पत्र दिले आहे आणि पोचही घेतली आहे. फॅन काल बसवला. आता माझे दोन प्रश्न आहेत. त्यांची माणसे आली तर त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यावे? आणि सिलिकॉनचे काम आम्ही आताच करावे की थांबावे?

जुना ओव्हरसिअर

फॉइलच्या फोटोंपुढे "घाम" टिकत नाही, तेव्हा त्यांची माणसे येतील असे धरून लिहितो. सर्वप्रथम डिव्हर्टरच्या लाइनची दाब-चाचणी तुमच्या समोर करायला सांगा. टाइलखाली पाइप गळत असेल तर वरून सांधे भरणे व्यर्थ ठरेल. पाइप निर्दोष निघाला, तर पोकळ टाइल्स काढून मागचा थर सुकू द्यावा, त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्यावेत आणि मगच टाइल पूर्ण माल पसरून बसवावी. उरलेल्या भिंतीतील जुने सांधे नुसते वरून पुसून चालणार नाही. अवजाराने खोल कोरून, धूळ झटकून, तेथे इपॉक्सी ग्राउट भरायला सांगा. इपॉक्सी पाणी शोषत नाही, त्यामुळे बुरशीला मुळे धरता येत नाहीत. ते दोन भाग मिसळून करायचे असते आणि लवकर कडक होते, म्हणून टाइलवर सांडलेले लगेच पुसून घेणारा दुसरा माणूस हवा. कामगार एकटाच आला तर काम सुरू करू देऊ नका. पांढऱ्या सिमेंटची पिशवी घेऊन आला, तर चहा देऊन परत पाठवा.

बेडरूमकडील लांबी आणि रंग इतक्यात करू नका. भिंतीतील ओल पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, ती बाजू उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, ओल्या फडक्याने पुसू नका, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कपाट भिंतीपासून हातभर दूर राहू द्या.

सिलिकॉन सांध्यांचे काम झाल्यावरच बदला. जुनी पट्टी कटरने दोन्ही कडांनी कापून ओढून काढा आणि उरलेला चिकट अंश ब्लेडने खरवडा, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. खाच स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात टेबल फॅन लावून ठेवावा लागेल. दुकानात बुरशीरोधक, सॅनिटरी प्रकारचे सिलिकॉन मागा. फरशी शहाबादी किंवा संगमरवरी असेल तर न्यूट्रल क्युअरचे घ्या, कारण व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि दगडावर डाग पडतात. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून भरा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच ओढीत सारखे करा आणि चिकटपट्टी सिलिकॉन ओले असतानाच काढा. त्यानंतर चोवीस तास तेथे पाणी लागू द्यायचे नाही. घरात दुसरे बाथरूम नसेल तर खालच्या काकूंशी आधीच बोलून ठेवा.

छताचा कोपरा आता फॅन लागल्यामुळे सुकेल. डाग धुऊन, डिस्टेंपर खरवडून, पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर बुरशीरोधक इमल्शन रंग लावा, पण तेही पाऊस उघडल्यावरच. दाब-चाचणीचा निकाल आणि भिंतीवरची मार्करची कड कोठवर सरकली, हे येथे अवश्य कळवा.